जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न वाढलं आणि विहीर आटली. नियोजन कशावर करायचं?

कातळसडा
जिल्हा वार्षिक योजनेच्या चर्चेत प्रगतीचा पुरावा म्हणून दरडोई उत्पन्नच पुढे येतं. कोकणातल्या चिरेखाणीचा हिशेब मांडून बघा. सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावरचा, जांभा दगड कापला की खाणकामाच्या मूल्यवर्धनात (मालाच्या किमतीतून खर्च वजा जाता उरतं त्यात) भर. त्याच जांभ्यात पाऊस मुरून खालच्या वाडीच्या विहिरीला पाणी राहायचं. तो गेला, एप्रिलात टँकर सुरू झाला, की वाहतुकीच्या खात्यात पुन्हा भर! आटलेल्या विहिरीची वजाबाकी कुठेच नाही. राष्ट्रीय उत्पन्नावरून जनतेचं कल्याण जोखता येत नाही, हे अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्येच अमेरिकी काँग्रेसला लिहून दिलं होतं. उत्पन्नाशेजारी भूजल, मासळीचा साठा आणि बिनपगारी कामाचे तास असे तीन रकाने हवेत.

आकडेतपासनीस
उत्पन्नाला नावं ठेवणं सोपं आहे. भूतानच्या आनंद निर्देशांकात ९ क्षेत्रं आणि ३३ निर्देशक आहेत, त्यासाठी घरोघर लांबलचक मुलाखती घ्याव्या लागतात. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न एकत्र करणारा मानव विकास निर्देशांक जिल्ह्याला लावायचा तर आयुर्मान हवं, आणि जन्म-मृत्यूंच्या सरकारी नमुना नोंदणी पद्धतीतून ते जिल्हावार मिळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) जिल्ह्यामागे सरासरी नऊशेच घरं होती. एवढ्या नमुन्यावर बालमृत्युदर काढला तर दोन-चार घटनांनी रत्नागिरी वर आणि सिंधुदुर्ग खाली जाईल. शिवाय कुठल्या घटकाला किती वजन द्यायचं आणि ते एकत्र कसे करायचे, हा घोळ आहेच. २०१० मध्ये मानव विकास निर्देशांकाची सरासरी काढायची रीत बेरजेवरून गुणाकारावर नेली, तर त्या बदलानेच काही देशांचे क्रमांक हलले.

कातळसडा
एकत्रित निर्देशांक मागितलाय कुणी? रकाने सुटेच ठेवा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजतेच. प्रत्येक खाणपट्ट्याच्या उताराखालची एक विहीर त्यात घाला, झालं.

रापणवाला
मासळीत तर याहून वाईट. उतरलेला माल गुणिले बंदरावरचा भाव, वजा डिझेल, बर्फ, जाळी वगैरे, हे झालं मूल्यवर्धन. एलईडी दिव्यांनी मासे ओढून बांगड्याची पिल्लं उचलली तरी यंदाचा आकडा वरच. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण-आर्थिक लेख्याच्या चौकटीत (२०१२) साठ्याचं पान असतं: आरंभीचा साठा, वाढ, नैसर्गिक मर, पकड, अखेरचा साठा. समुद्रातला साठा थेट मोजता येत नाही, म्हणून फेरीमागे किती किलो ते बघायचं. पण रापण, गिलनेट, ट्रॉल, पर्ससीन ही लहानमोठी जाळी वेगवेगळी धरा. एकत्र केलंत तर मोठ्या जाळ्याची वाढ साठ्याची वाढ म्हणून दिसेल. आणखी एक गळती: परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर मालवणसमोर मासेमारी करतात, माल उतरवतात त्यांच्या राज्यातल्या बंदरात. साठा आमचा घटतो, नोंद तिकडे.

भागाकार
सगळे अंशावर, म्हणजे उत्पन्नावर भांडताय, छेद, म्हणजे लोकसंख्या कुणी बघेना. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीची लोकसंख्या दहा वर्षांत ४.८ टक्क्यांनी घटलेली होती, हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. तरणी माणसं मुंबईला गेली की छेद लहान होतो आणि दरडोई आकडा फुगतो. शिवाय जिल्हा उत्पन्न जिथे निर्माण होतं तिथेच मोजतात, त्यामुळे चाकरमान्यांनी धाडलेला पैसा त्यात येतच नाही. म्हणजे हा आकडा घराची ऐपतही सांगत नाही आणि गावाची ताकदही.

आकडेतपासनीस
हे मान्य. पण मग कुटुंबाचा खर्च मोजा, त्याची पद्धत बसलेली आहे. बिनपगारी तासांचा रकाना मात्र खोडा. लोकांचा दिवस कशात जातो ते मोजणारी राष्ट्रीय वेळवापर पाहणी २०१९ आणि २०२४ मध्ये झाली, तिचा नमुना राज्यापुरता ठीक आहे. जिल्ह्याच्या रकान्यात शेवटी राज्याची सरासरीच चिकटवाल. जाता जाता: घरासाठी पाणी वाहून आणणं राष्ट्रीय लेख्यांच्या उत्पादन-सीमेत (कशाला उत्पादन म्हणायचं त्या व्याख्येत) तत्त्वतः येतं, रांधणं आणि मुलं सांभाळणं येत नाही. सरसकट ‘बिनपगारी’ म्हणू नका.

आणि निधी या रकान्यांना जोडलात तर माहिती भरणारी ग्रामपंचायतच लाभार्थी ठरते. मग आकडे कसे येतील, ते सांगायला हवं?

कातळसडा
तासांचा रकाना सोडला. निधीही जोडू नका, परवाना जोडा. खाणपट्ट्याच्या नूतनीकरणाआधी उताराखालच्या विहिरीची सलग तीन वर्षांची मे महिन्यातली पातळी दाखवा. घसरली असेल तर नूतनीकरण नाही.

आकडेतपासनीस
पाऊसच कमी पडला असेल तर?

कातळसडा
शेजारच्या, खाण नसलेल्या सड्याखालची विहीर तुलनेला घ्यायची. दोन्ही सारख्या घसरल्या तर पावसाचा दोष, एकच घसरली तर खाणीचा.

आकडेतपासनीस
तुलनेची विहीर निवडणार कोण? खाणमालकाने नेमलेला भूवैज्ञानिक असेल, तर तो आधीच कोरडी पडणारी विहीर शोधून देईल.