मदत हवी आहे: आईची हाडं ठिसूळ, इम्प्लांटसाठी महागडा खरखरीत स्क्रू घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

आई ६८ वर्षांची. डेक्सात (हाडांची घनता मोजणारी तपासणी) मणक्याचा टी-स्कोअर उणे २.९ आला, म्हणजे हाडं ठिसूळ, तेव्हापासून तीन वर्षं दर रविवारी अ‍ॅलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची, हाडांची झीज रोखणारी गोळी घेते. (रिकाम्या पोटी, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. रविवारचा चहा लांबला की घरात कुणी तिच्या वाटेला जात नाही.)

वरची उजवी दाढ काढून वर्ष झालं. काढता-घालता दात तिला नकोच, म्हणून इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू आणि त्यावर पक्का दात. दंतवैद्यांनी दोन स्क्रू दाखवले. दोन्ही टायटॅनियमचे, दोन्ही वाळूचा मारा करून आम्लात खरवडलेले. पण दुसरा म्हणे पाणी ओढून घेतो, हाड लवकर धरतं. किंमत दीडपट. "ठिसूळ हाडाला हाच."

मला समजलं ते असं: संशोधक ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली स्वीडनमध्ये पहिल्या रुग्णाला बसवले ते स्क्रू बऱ्यापैकी गुळगुळीत होते. तिथे हाड कडेने हळूहळू स्क्रूकडे सरकतं. खरखरीत पृष्ठभागाला मात्र रक्ताची गुठळी चिकटून राहते, तिच्या जाळीवरून पेशी थेट धातूपर्यंत पोचतात आणि तिथेच हाड घालू लागतात. पण ठिसूळ हाडावरचे बरेचसे प्रयोग बीजकोश काढून हाडं ठिसूळ केलेल्या उंदरांवर झालेत. ते आईला कितपत लागू?

— चिंतातुर_लेक

प्रतिसाद: दाढदुखी

मी याच धंद्यात आहे. गुळगुळीत विरुद्ध खरखरीत हा वाद जुना झाला. हल्ली मिळणारे जवळपास सगळे स्क्रू एक-दोन मायक्रोमीटर खरखरीत असतातच. त्याहून फार खरखरीत केले तर पुढे हिरडी सरकल्यावर जंतूंना घर मिळतं. पाणी ओढणाऱ्याचा फायदा मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांत, जेव्हा सुरुवातीची यांत्रिक पकड सैल होते आणि नवं हाड पुरतं तयार नसतं. कॅप (स्क्रूवरचा दात) चार-सहा महिन्यांनी बसवणार असाल तर दीडपट पैसे कशाला?

खरी अडचण पहिल्या दिवसाच्या पकडीची. वरच्या जबड्यात मागे हाड मुळात थर्माकोलसारखं. तिथे भोक थोडं कमी मापाचं पाडणं जास्त कामाचं. मणक्याच्या स्कोअरवरून जबडा ओळखू नका, सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) काढा. आणि गोळीचं दंतवैद्यांना सांगितलंय ना? या गोळ्यांनी क्वचित जबड्याचं हाड उघडं पडून भरत नाही. पण स्वतःहून बंद करू नका. साखर? मिश्री?

चिंतातुर_लेक:

मिश्री नाही, साखर काठावर. गोळीचं सांगितलंच नव्हतं, फॉर्ममध्ये फक्त "बीपी, शुगर" असे रकाने होते! सीबीसीटीही नाही, साध्या एक्स-रेवरच ठरलं. गुरुवारची वेळ आहे. स्क्रूचं राहू दे, आधी हे दोन विचारते. कॅप किती महिन्यांनी, तेही.