परसातल्या नर्सरीसाठी खात्रीची कलमं घाऊक कुठून आणावीत?

परसू-डिचोली
नमस्कार. डिचोलीजवळ घरामागच्या परसात माझी लहानशी नर्सरी आहे. शेडनेटखाली सहाशे पिशव्या मावतात. जास्वंद, अबोली, तुळस, कडीपत्ता मी घरीच करते. अडतं ते कलमांवर. मिरगाआधीच लोक मानकुराद, म्हणजे आमचा गोव्याचा आंबा, आणि काजू विचारत येतात.

गेल्या वर्षी राज्याबाहेरच्या एका घाऊक विक्रेत्याकडून आंब्याची 150 कलमं आणली. फोटोत छान दिसत होती. उतरवताना एक पिशवी फाटली, माती भुरभुर सांडली आणि आत निघाला मुठीएवढा मुळांचा गोळा. लहान पिशवीतलं कलम नुकतंच मोठ्या पिशवीत घालून मोठ्याच्या दराने विकलेलं. ऑगस्टपर्यंत चाळीसेक मेली. ते नुकसान सोसलं, पण चवथीनंतर गावातल्या एक आजी आल्या आणि म्हणाल्या, "बाये, कलम फुटलंय, पण खालून." वर बांधलेली चांगल्या जातीची काडी सुकलेली, जोडाखालच्या रायवळ खुंटाला, म्हणजे बाठ्यापासून उगवलेल्या साध्या आंब्याच्या रोपाला, फूट. त्यांनी पैसे मागितले नाहीत. बदली द्यायला दुसरं कलम उचललं, तेही त्याच गाडीतलं. हातात देववेना.

पन्नास-शंभर कलमं, पण खात्रीची, जवळपास कुठे मिळतील?

कुळागर-फोंडा
बाय, आधी एक विचारत जा: काडी कुठल्या झाडाची? मानकुरादात झाडागणिक फरक असतो. विक्रेत्याला मूळ झाड दाखवता येत नसेल, तर त्याच्याकडचं कलम मानकुराद म्हणून विकू नका.

काजूसाठी जुन्या गोव्याला एळा येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. बाळ्ळी गावच्या झाडातून निवडलेली 'गोवा-1' ही जात तिथलीच. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 यांनाही मागणी असते. पावसाच्या तोंडावर गेलात तर हात हलवत परत याल, बरंच आधी नाव नोंदवा.

आणि कुठूनही आणा, पैसे देण्याआधी तुम्ही निवडाल ती एक पिशवी उभी चिरून बघा. हवं तर तिचे पैसे वेगळे द्या. पांढरी मुळं पिशवीच्या कडेपर्यंत आलेली हवीत. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारा बारीक किडा, समजा आणि सगळा माल सोडा, कारण तुमच्या परसातल्या मातीत तो एकदा शिरला की निघत नाही. जोडावरची पट्टी काचत नाही ना, तेही पाहा.

सावंतवाडीकर
शोभेच्या झाडांबद्दल थोडं. क्रोटन, इक्झोरा वगैरे आंध्रातल्या कडियमहून स्वस्त पडतात. आम्ही तिघे मिळून एक गाडी भरतो. मुळांभोवतीची चिकट माती मात्र आपल्या पावसात पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. म्हणून माल दिवाळीनंतरच आणतो. आल्यावर पंधरा-वीस दिवस वेगळा ठेवतो, पानांची खालची बाजू रोज बघतो. पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी तिथेच लपतात. माडावर चक्राकार अंडी घालणारी पांढरी माशी भारतात पहिल्यांदा 2016 मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीला दिसली. परसात माड असतील तर बाहेरचं रोप त्यांच्याखाली ठेवूच नका.

परसू-डिचोली
काका, पिशवी चिरून बघायचं कधी सुचलंच नव्हतं. भाऊ, माझा शेड दोन माडांच्या मधेच आहे, नवीन माल आता पुढच्या अंगणात ठेवीन.

काजूसाठी एळ्याला या आठवड्यातच जाते. मानकुरादाचं मात्र ठरवलं. मामाच्या घरामागे जुनं झाड आहे, त्याचं फळ लहानपणापासून खाल्लंय. त्याच्याच काड्या घेऊन पन्नास कलमं स्वतः बांधते. यंदा विकायला मानकुराद नसेल, तसं लोकांना सांगेन. आजींना पहिलं कलम. खुंटासाठी रायवळ बाठे किती दिवस ठेवले तर चालतात?

कुळागर-फोंडा
ठेवूच नका. आंबा खाल्ला की बाठा धुऊन लगेच मातीत. वाळला की रुजत नाही. काड्या कापायच्या आधी मामांच्या झाडाची पालवी बघायला येतो.