मदत हवी आहे: डी आंझामधून यूसीला ट्रान्स्फर, कॉम्प्युटर सायन्ससाठी

लेक यंदा बारावी संपवतेय. दोन वर्षं डी आंझा कम्युनिटी कॉलेज, मग यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया), असं तिच्या मनात आहे. मलाही पटतंय: फी कितीतरी कमी, वर्ग लहान, शिवाय घरून जाऊन-येऊन करता येईल. आम्ही सनीवेलला राहतो, सगळे सिटिझन, त्यामुळे व्हिसाचा प्रश्न नाही.

असिस्ट या वेबसाइटवर यूसीच्या डेव्हिस आणि सांता क्रूझ कॅम्पसला डी आंझाचे कोणते विषय चालतात ते जुळवून पाहिलं. काउन्सेलरशीही बोललो. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगोला टॅग, म्हणजे ट्रान्स्फरची हमी, नाही हे माहीत आहे.

अडलंय एकच. गणित, फिजिक्स, प्रोग्रॅमिंग हे सगळं एकापुढे एक साखळीत येतं; एक वर्ग भरला की पुढचं सगळं लांबतं. ज्यांची मुलं याच वाटेने गेलीत त्यांनी कृपया सांगा: नव्या विद्यार्थ्याला हे वर्ग वेळेवर मिळतात का, आणि ट्रान्स्फरनंतर डिग्री खरंच दोन वर्षांत झाली का?