फाल्गुनात घोडीचे केस गळतायत; लसूणघास आणि रपेट कशी सुरू करावी?

माळावरचा
सात वर्षांची काठेवाडी घोडी, मुक्काम बारामतीच्या जिरायती भागात. महाशिवरात्रीपासून खरारा (अंग घासायची दातेरी घासणी) फिरवला की मूठमूठ केस निघतायत. मधूनच शेपटीचं मूळ भिंतीला घासते. हिवाळाभर कडबा आणि रोज दीड किलो भिजवलेली हरभरा-जवाची चंदी चालू होती, काम जवळजवळ नव्हतं. आता लसूणघास कापायला आलाय. सरळ त्यातच खुंटीला बांधली तर चालेल का? पहाटेची हवा सुरेख आहे, पळस फुललाय, त्यामुळे रपेटही पुन्हा सुरू करायची आहे.

खरारा
केस गळणं चांगलंच आहे. ते ऊन वाढल्यामुळे नाही, दिवस मोठा झाल्यामुळे गळतात. म्हणून थंडी परत आली तरी थांबत नाहीत. रबरी खरारा मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत (शेपटीजवळच्या मागच्या भागापर्यंत) गोल-गोल फिरवा, मग कडक ब्रश केसांच्या दिशेने, शेवटी कोरडं फडकं. तोंडाला आणि गुडघ्याखाली फक्त मऊ ब्रश, तिथे कातडीखाली लगेच हाड आहे. रोज वीस मिनिटं पुरतात. योग्य जागी हात पडला की घोडी वरचा ओठ लांब करून हलवायला लागते, तिथे दोन मिनिटं जास्त द्या.

केस पूर्ण गळेपर्यंत साबणाची अंघोळ नको. सुटे केस ओले झाले की गोळे होतात. तंगाखाली (खोगीर आवळायच्या पोटपट्ट्याखाली) तेच गोळे घामात भिजून नमद्यासारखे घट्ट बसतात आणि दोन रपेटींत कातडी सोलते. खोगीर चढवायच्या आधी तंगाच्या जागी उलटा हात फिरवून बघायचंच.

शेपटीचं वेगळं. शेपूट उचलून बघा: गुदद्वाराभोवती पिवळट-पांढरी खपली असेल तर जंत. आयाळीची मुळं फाकवून बघा, उवा तिथे सापडतात. गोल टक्कल पडून कडेला कोंडा असेल तर गजकर्ण. त्या जनावराचा खरारा वेगळा ठेवा, कारण ते माणसालाही होतं. जंताचं औषध अंदाजाने पाजू नका, वजनावर द्या.

चंदी_वैरण
लसूणघासात बांधायची अजिबात नाही. कडब्याला सरावलेल्या आतड्यातले जंतू एका दिवसात हिरव्याला सरावत नाहीत. गॅस धरतो, पोटशूळ उठतो, आणि घोड्याला ओकता येत नाही.

पहिल्या दिवशी एक किलो, पुढे दर दोन दिवसांनी एकेक किलो वाढवत बारा दिवसांत सहा किलोवर या आणि तिथेच थांबा. सहा किलो हिरव्यात कोरडा भाग जेमतेम सव्वा-दीड किलो असतो, कडबा तेवढाच कमी करा. आधी कडबा, मग हिरवं. कापलेला घास पातळ पसरून दोन-तीन तास सुकवा. संध्याकाळी ढीग लावून सकाळी टाकला की घोटाळा होतो: ढिगात कोपरापर्यंत हात घाला, आत ऊब लागली तर तो घास घोडीला नको.

माळावरचा
वजनाचा काटा नाही इथे. अंदाज कसा काढू?

चंदी_वैरण
शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर, आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11880. घेर 160 आणि लांबी 150 असेल तर साधारण 323 किलो. रोजची कोरडी वैरण आणि चंदी मिळून वजनाच्या दोन टक्के, म्हणजे इथे साडेसहा किलो. मीठ 30 ग्रॅम, घाम येणारं काम असेल तर दुप्पट. पाणी समोर कायम असू द्या.

दुडकी
रपेटीचं: पहिला आठवडा नुसती चाल, तीस मिनिटं. दुसऱ्यात पाच-पाच मिनिटांची दुडकी (चालीपेक्षा जलद, दौडीपेक्षा हळू) दोनदा. दौड महिन्यानंतर. उजाडताना निघा, साडेआठच्या आत परत. परतल्यावर जबड्याखालच्या शिरेवर बोटं ठेवून नाडी मोजा; पंधरा मिनिटांत साठच्या खाली आली नाही तर त्या दिवशीचं काम जास्त झालं. अंग तापलेलं असताना गार पाणी टाकू नये हा जुना समज आहे. बिनधास्त ओता, फक्त ओतत राहा, एक बादली ओतून थांबू नका.

या दिवसांत घोडी चिडकी होईल, वारंवार थोडंथोडं मुतेल, शेपूट वर धरेल. तो माज आहे. ऋतूच्या सुरुवातीला तो लांबतो, दहा-दहा दिवस टिकतो, आणि तेव्हा बहुधा बीज सुटलेलं नसतं. घोड्याला दाखवायची घाई करू नका. तारखा लिहा, एकवीस दिवसांचं चक्र बसलं की मग बघा.

आणि पळस बघायच्या नादात काढलेल्या ज्वारीच्या रानातून घोडी घालू नका. विळ्याने तिरपं कापलेलं धसकट खिळ्यासारखं उभं असतं, खुराच्या मऊ पुतळीत (तळव्याच्या त्रिकोणी भागात) सरळ घुसतं. वरून भोक दिसतही नाही, दोन दिवसांनी लंगडायला लागते. बांधावरून किंवा गाडीवाटेने जा. परतल्यावर चारही खूर उकरून धुऊन बघा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी दिलं तेही आजच तपासा.

माळावरचा
शेपटीखाली खपली आहे. लीद तपासायला देतो. टेप लावली: घेर 158, लांबी 147.

चंदी_वैरण
309 किलो. औषध त्यावरच विचारा.