मदत हवी आहे: टाकीतल्या अळ्या आणि औषधाला न मरणारे डास

नमस्कार मंडळी, आम्ही जुळे सोलापूरला राहतो, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं त्यामुळं दोन बॅरल आणि गच्चीवरची टाकी कायम भरलेलीच. पोराला थंडी वाजून ताप आला, रक्त तपासलं तर व्हायवॅक्स मलेरिया निघाला, आता प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स चालूये, एक पण डोस चुकू देत नाही. काल टॉर्च लावून टाकीत बघितलं तर अळ्या पाण्याला चिकटून आडव्या पडलेल्या, डेंग्यूवाल्या तर डोकं खाली करून लटकतात, म्हणजे ह्या मलेरियावाल्या ॲनोफिलीस डासाच्याच ना?

गावाकडं मोहोळ तालुक्यात आई अंगणात झोपते, शेजारीच विहीर आणि कॅनॉल. खेड्यातला क्युलिसिफेसीस डास (ॲनोफिलीसचीच एक जात) फवारणीच्या डीडीटी, मॅलेथिऑनला दाद देत नाही असं वाचलंय, कॉइल, लिक्विड आणि औषधी मच्छरदाणी तिन्हीत पायरेथ्रॉइड गटातलंच कीटकनाशक असतं, मग डास त्यालाही सरावले तर तेच तेच वापरून काय उपयोग?

पिण्याच्या टाकीत टेमिफॉस (अळ्या मारायचं औषध) टाकावं का? टाकीच्या व्हेंट पाइपला जाळी कसली बांधता? आणि विहिरीत सोडायला गप्पी मासे सोलापुरात कुठं मिळतील, कुणी आणले असतील तर प्लीज लवकर सांगा, आईची फार काळजी वाटतीये.