बिल्डिंगच्या रंगकामाचे शिंतोडे गाड्यांवर उडालेत, सगळ्यांनी बघून घ्या

बी-३०२: ओ सेक्रेटरी साहेब जरा खाली या बघू. बॉनेटवर, टपावर सगळीकडं पांढरं बारीक बारीक ठिपकं पडलेत. लांबनं धूळ वाटती पण हात फिरवला की सँडपेपर. धुतली तरी जाईना

ए-१०४: आमची पण तीच गत. काळी गाडी, त्यामुळं जास्तच दिसतंय. काल दुपारी वारं सुटलेलं आणि ही माणसं मशीननं स्प्रे मारत होती. मीटिंगमध्ये रोलरनं मारायचं ठरलेलं ना?

सेक्रेटरी: रोलरच ठरलेला. डक्टच्या, म्हणजे पाईपांच्या अरुंद बोळाच्या बाजूला परांची बसत नाही म्हणून तेवढंच मशीननं मारलं म्हणतोय कॉन्ट्रॅक्टर. बोललोय मी त्याला, त्याचा माणूस थिनर आणि फडकं घेऊन खाली यायलाय पुसायला

सी-२०१: थांबवा त्याला!! थिनर कुणाच्याच गाडीला लावू देऊ नका

बी-३०२: का ओ, उद्यमनगरात तुमच्या गॅरेजात तर थिनरचे डबेच्या डबे असतात की

सी-२०१: असतात म्हणूनच सांगतोय भावा. कंपनीतनं आलेला रंग साधारण १४० डिग्रीला भट्टीत भाजलेला असतो, तो एखादा हात थिनर सोसतो पण. पण ज्याचा दरवाजा नाहीतर फेंडर कधी ठोकून परत रंगवलाय तिथला रंग एवढा भाजलेला नसतो, आणि कुणी स्वस्तात साधा रंग मारून दिला असला तर फडक्याला कलरच लागून येतो. हेडलाईटचं प्लास्टिक तर थिनरनं धुरकट होतं, बारीक तडे जातात, ते परत येत नाही. गाडीवर दिसतोय तो रंग नसतो वरचा, त्याच्यावर क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक थर असतो, ४०-५० मायक्रॉनचा, डोक्याच्या केसापेक्षा पातळ. तेवढ्यावरच सगळी चकाकी आहे

ए-१०४: मग काय करायचं?

सी-२०१: आधी सांगा मारलाय कुठला रंग. साहेब?

सेक्रेटरी: भिंतीला इमल्शन. ग्रिलला ऑइल पेंट

सी-२०१: मग पांढरं ते इमल्शन, पाण्यात कालवायचा रंग, बरं झालं. ओलं असताना नुसत्या पाईपच्या पाण्यानं गेलं असतं. एकदा वाळलं की पाण्यात विरघळत नाही, पण ते क्लिअर कोटच्या वर नुसतं चिकटून बसलंय, आत मुरलेलं नाही. त्याला क्ले बार लागतो, गाडीच्या डिटेलिंगची माती म्हणून मिळते, पोरांच्या खेळण्यातली नव्हे. गाडी आधी शाम्पूनं स्वच्छ धुवायची, सावलीत, पत्रा गार असताना. मग शाम्पूचं पातळ पाणी बाटलीत भरून फवारायचं, भरपूर, आणि हातावर मावेल एवढी क्ले चपटी करून त्या ओल्यावरनं हलक्या हातानं सरळ पुढंमागं फिरवायची, गोल गोल नाही. पहिल्यांदा खरखर लागती, आवाज पण येतो, आणि ठिपकं निघाली की हात असा सुळकन जातो. क्लेवर पांढरं दिसलं की घडी घालून नवीन बाजू वर काढायची. दाब देऊन घासायचं नाही अजिबात

बी-३०२: एवढं सगळं टपावर पण करायचं? लई वेळ जाईल की

सी-२०१: जाईल. अर्धा दिवस धरा. टप, बॉनेट, डिकी यावरच जास्त पडतं, दरवाजावर कमी असतं. कुठं राहिलंय ते डोळ्याला कळत नाही, हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून बोटं फिरवा, एक एक कण लागतो

डी-००२: 🌹शुभ सकाळ🌹 जीवन सुंदर आहे

ए-१०४: काका रंगाचं चाललंय इथं 😄

बी-१०१: आमच्या गाडीवर चॉकलेटी थेंब आहेत, ग्रिलखालीच लावलेली. रॉकेलनं जातंय म्हणाला एकजण

सी-२०१: वहिनी ते ऑइल पेंट, त्याला क्ले एकटी पुरायची नाही. टर्पेंटाईन मऊ कापडावर घ्या, गाडीवर ओतू नका, आधी दाराच्या आतल्या कडेला लावून बघा रंग सुटत नाही ना. मग थेंबावर कापड मिनिटभर टेकवून ठेवायचं, मऊ पडला की अलगद पुसायचं आणि लगेच शाम्पूनं धुवायचं. रॉकेलनं पण मऊ होतं पण तेलकट थर राहतो, धूळ धरतो. पेट्रोल कुणी घेऊ नका, खाली पार्किंगात कोण बिडी ओढत असतंय ते माहिती आहे सगळ्यांना

ए-४०३: इन्शुरन्समध्ये बसेल का हे?

ए-१०४: बसलं तरी घेऊ नका, पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस जातोय. पाच वर्षं क्लेम नसला की ५० टक्के सूट असती, ती ठिपक्यांसाठी घालवायची का? कॉन्ट्रॅक्टरनं द्यायचं ते. त्याचं शेवटचं बिल अजून आपल्याकडंच आहे ना साहेब?

सेक्रेटरी: आहे. ज्यांच्या ज्यांच्या गाड्या आहेत त्यांनी नंबर आणि फोटो आजच टाका, दिवस उजेडातले, नंतर कोण म्हणायला नको जुनंच होतं. क्ले आणि पॉलिशचा खर्च बिलातनं कापतो. मजुरी मागायची असेल तर ते कमिटीत बोलू, ग्रुपवर भांडू नका

बी-२०३ काकू: माझ्या तुळशीवर पण उडालाय. तिला काय लावू?

सी-२०१: काकू तिला काही लावू नका, रंग लागलेली पानं खुडा, नवी फुटतील

बी-३०२: काचेवरचं ब्लेडनं खरवडलं तर चालतंय काय?

सी-२०१: काचेवर चालतंय, नवीन ब्लेड, साबणाचं पाणी लावून, आडवं धरून. मागच्या काचेला आतनं डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवायच्या तारा असतात, तिथं आतनं नको. पत्र्यावर ब्लेड, नख, स्कॉचब्राईट काहीच नाही. बंपरच्या काळ्या खरबरीत प्लास्टिकवर क्ले पण फिरवू नका, तिचाच पांढरा पट्टा बसतो, तिथं शाम्पू आणि जुना मऊ टूथब्रश. आणि क्ले एकदा जमिनीवर पडली की टाकून द्यायची बरं का, कितीबी जीव तुटला तरी, वाळूचा एक कण चिकटला तर सगळ्या गाडीवर रेघोट्या. शेवटी वॅक्स मारा, क्लेनं जुनं वॅक्स पण निघून जातंय

ए-१०४: साहेब डी विंगला उद्या मशीन की रोलर?

सेक्रेटरी: रोलर. तरी डी विंगच्या बाजूच्या गाड्या सकाळी ८ च्या आत बाहेर रोडला काढा. ज्यांना जमत नाही त्यांनी चावी वॉचमनकडं नको, माझ्याकडं द्या