परकीय भाषेच्या पदवी वर्गात मातृभाषेला मज्जाव हवाच का?

उकार
'वर्गात फक्त तीच भाषा' हा दंडक नवशिक्यांच्या बाबतीत चुकीचा आहे. स्पॅनिशमधलं 'मे गुस्ता' म्हणजे 'मला आवडतं' बघा. 'आय लाइक'च्या साच्यातून शिकवलं की मुलं 'मी'पासून सुरुवात करून चुकीचं 'यो गुस्तो' म्हणतात. त्याऐवजी फळ्यावर 'मला पुस्तक आवडतं, मला पुस्तकं आवडतात' लिहा आणि खाली 'मे गुस्ता एल लिब्रो, मे गुस्तान लोस लिब्रोस'. क्रियापद आवडणाऱ्याच्या नव्हे, आवडलेल्या वस्तूच्या वचनानुसार बदलतं, हे पाच मिनिटांत कळतं. फ्रेंचमध्येही तेच. 'लिहिलं' एरवी 'एक्री', पण स्त्रीलिंगी चिठ्ठी आधी आली की 'ला लेत्र के जे एक्रीत'. 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणणाऱ्याला हे परकं का वाटावं?

रफार
सोयीची तेवढी उदाहरणं निवडलीत. जर्मनमध्येही आपल्यासारखी तीन लिंगं आहेत. चमचा 'देअर' म्हणजे पुल्लिंगी, जमलं. पण काटा 'दी' म्हणजे स्त्रीलिंगी आणि सुरी 'दास' म्हणजे नपुंसकलिंगी. इथे मराठीचा आधार घेणारा हमखास चुकतो.
खरा प्रश्न तासांचा आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र अधिकाऱ्यांना भाषा शिकवणाऱ्या फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूटने इंग्रजी भाषकांसाठी जपानीला २२०० वर्गतास धरले आहेत. आठवड्याला ६ तास, वर्षाला ३० आठवडे असं धरलं तर तीन वर्षांत होतात ५४०, म्हणजे चौथा हिस्सा. त्यातले निम्मे मराठीत गेले तर कानावर पडणार काय?

उकार
निम्मे कोण म्हणतंय? तासाला दहा मिनिटं, तीही फक्त नियम समजावायला. सराव, प्रश्न, सूचना सगळं त्याच भाषेत. हावभाव करून नियम समजावण्यात वीस मिनिटं जातात आणि मागच्या बाकावर तो उलटाच पोचतो.

अनुस्वार
तुम्ही दोघंही बोलण्यापाशीच थांबलात. पुढे संशोधन करायचं तर वाचता यायला हवं. भाषाअभ्यासक पॉल नेशन यांच्या २००६च्या इंग्रजीवरच्या अभ्यासानुसार, शब्दकोशाशिवाय कादंबरी वाचायला मजकुरातले ९८% शब्द ओळखीचे हवेत, आणि त्यासाठी ८ ते ९ हजार शब्दकुलं, म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं मिळून एक, लागतात. ९५% वर अडलात तर ३०० शब्दांच्या पानावर १५ शब्द अनोळखी. मग विद्यार्थी इंग्रजी अनुवाद उघडतो आणि प्रबंध त्या अनुवादावर होतो, मूळ कृतीवर नाही. हे मला फार गंभीर वाटतं.
यावर उपाय म्हणजे मुळातला १५० शब्दांचा उतारा, शेजारी त्याचे दोन छापील अनुवाद. अनुवादक कुठे वेगळे झाले तिथे खूण करायची आणि कारण मूळ वाक्यातून दाखवायचं. ही चर्चा मातृभाषेत जितकी बारीक होते तितकी नवख्या भाषेत होत नाही.

रफार
तिसऱ्या वर्षाला हे मान्य. भाषा कितपत येते ते ठरवणाऱ्या २००१च्या युरोपीय भाषा-चौकटीतही भाषांतराला 'मध्यस्थी' म्हणून जागा आहे. पहिल्या वर्षाला मात्र नको. मनात शब्दाला शब्द लावत बसण्याची सवय लागली की ऐकणं कोसळतं, कारण पहिलं वाक्य उलगडेपर्यंत समोरचा तिसऱ्यावर गेलेला असतो.

उकार
पण नुसतं ऐकूनही व्याकरण बसत नाही. कॅनडात मुलांना इतर विषयही फ्रेंचमधून शिकवणारे वर्ग होते. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून त्यांना समजायचं उत्तम, तरी बोलण्या-लिहिण्यातलं व्याकरण कच्चं राहिलं. भाषाअभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं.

रफार
त्यांचा निष्कर्षही पूर्ण सांगा. त्यांनी मातृभाषा वाढवा म्हटलं नाही, मुलांना बोलायला-लिहायला भाग पाडा म्हटलं. तुमची ती दहा मिनिटं मी त्यालाच देईन. जोड्या पाडा, 'गुस्तान'ची वाक्यं प्रत्येकाच्या तोंडून वदवून घ्या.

उकार
वदवून घ्याच. पण ज्याला 'गुस्तान'मधला 'न' कशासाठी लागतो हेच कळलेलं नाही, तो तिसऱ्या वाक्याला पुन्हा 'यो गुस्तो'वर येईल.